वायू अंतःक्षेपण, भेगाळ तेलसाठ्यांतील

भेगा, विभंग (खडक सरकून पडलेले तडे) किंवा असमान थर यांमुळे गुंतागुंतीच्या झालेल्या साठ्यातून अधिक खनिज तेल मिळावे म्हणून नैसर्गिक वायू, नायट्रोजन किंवा कार्बन डाय-ऑक्साइड विहिरींवाटे दाबाने आत सोडण्याची पद्धत.

पद्धतीच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. पेनसिल्व्हेनियातील व्हेनँगो परगण्यात जेम्स डिन्समूर यांनी १८९० च्या सुमारास वायू सोडून उत्पादन वाढवल्याचे सांगितले जाते. काही लेखक ओहायोतील आय. एल. डन यांच्या १९०३ च्या सुमाराच्या प्रयोगांना, तर काही त्यांनीच १९११ च्या सुमारास केलेल्या हवेच्या वापराला महत्त्व देतात. डिन्समूर यांचा अग्रक्रम मान्य करण्यास हरकत नसावी. मात्र भेगाळ खडकांतील क्रिया समजून घेण्यासाठी इराणमधील हफ्त केल या चुनखडकी क्षेत्रात १९७६ मध्ये सुरू झालेले अंतःक्षेपण अधिक उद्बोधक आहे.

अशा साठ्यात बहुतेक तेल भेगांच्या मधल्या, कमी पार्यतेच्या (द्रव सहज वाहू न देणाऱ्या) खडकाच्या ठोकळ्यांत असते, वहन मात्र भेगांतून होते. त्यामुळे घाईने सोडलेला वायू भेगांवाटे थेट उत्पादक विहिरीत पोहोचतो व ठोकळ्यांतील तेल जागीच राहते. ते बाहेर काढते ते मुख्यतः गुरुत्व: भेगांत वायू भरला की जड तेल ठोकळ्याच्या तळाकडून निथळते, पण त्यासाठी घनताफरकामुळे निर्माण होणारा दाब केशिक दाबापेक्षा (सूक्ष्म छिद्रांत तेल धरून ठेवणाऱ्या दाबापेक्षा) अधिक असावा लागतो. तेल व वायू यांच्या घनतांतील फरक दर घनमीटरला ५०० किग्रॅ. धरल्यास उंचीच्या दर मीटरमागे जेमतेम ४.९ किलोपास्कल दाब मिळतो. म्हणजे वायूला शिरण्यास १० किलोपास्कल लागत असतील, तर सुमारे दोन मीटरपेक्षा कमी उंचीचा सुटा ठोकळा आपले तेल सोडणारच नाही.

‘सुटा’ हाच येथे वादाचा मुद्दा. एका मताने वरच्या ठोकळ्यातून निथळलेले तेल खालच्यात पुन्हा शोषले जाते व निचरा मंदावतो. दुसऱ्या मताने भेगेतील द्रवसेतूंमुळे ठोकळे केशिकदृष्ट्या जोडलेले राहतात आणि उंच स्तंभासारखे वागतात. दोन्ही क्रिया एकत्र घडत असाव्यात, असे मानणेच प्राप्त पुराव्याशी अधिक जुळते; अरुंद भेगांत दुसरी प्रभावी ठरावी.

मेक्सिकोतील कांतारेल या समुद्री क्षेत्रात २००० पासून नायट्रोजन सोडण्यात आला. दैनिक उत्पादन २००४ मध्ये २० लाख पिंपांवर गेले. नंतर वरून उतरणारी वायुटोपी (तेलावर साठलेला वायूचा थर) व खालून चढणारे पाणी यांच्यामधील तेलस्तंभ आकसत गेला, उत्पादन झपाट्याने घसरले आणि उत्पादित वायूत नायट्रोजन मिसळू लागला.

पुरेशा दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड अनेक तेलांत मिसळतो, त्यांना फुगवतो व त्यांची श्यानता (दाटपणा) घटवतो. नायट्रोजनला त्यासाठी बहुधा फार अधिक दाब लागतो. टेक्सासमधील सॅक्रॉक प्रकल्पात १९७२ पासून कार्बन डाय-ऑक्साइड वापरला गेला. विभंगांनी तुटलेल्या साठ्यांत प्रत्येक खंडाचा दाब स्वतंत्रपणे तपासावा लागतो.