मज्जा जुळावी, पण फारही नको

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा एक कर्करोग. चांगले उपचार मिळाले तर दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात, तीही बहुतेक वेळा नुसत्या केमोथेरपीनं. पण आजार उलटला, किंवा उपचारांनंतरही सूक्ष्म तपासणीत कर्करोगाच्या पेशी सापडत राहिल्या, की डॉक्टर स्टेम सेल प्रत्यारोपणाचा, म्हणजे दुसऱ्याच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी मुलाला देण्याचा, विषय काढतात.

यात मुलावर शस्त्रक्रिया नसते. दात्याच्या पेशी रक्त चढवतात तशा शिरेतून चढवतात आणि त्या आपणहून हाडांतल्या मज्जेत जाऊन रुजतात. खरा कस लागतो तो त्याआधी. मूळची मज्जा रिकामी करायला केमोथेरपीची जबर मात्रा द्यावी लागते, अनेकदा सर्वांगाला किरणोपचारही. किरण टाळता येतील का, हे चार वर्षांवरच्या मुलांत तपासलं गेलं. २०२१ साली आलेले निष्कर्ष स्पष्ट होते: दोन वर्षांनी किरणोपचार मिळालेल्यांपैकी ९१ टक्के मुलं हयात होती, फक्त औषधं मिळालेल्यांपैकी ७५ टक्के.

मज्जा प्रत्यारोपणाचे प्रणेते, अमेरिकी डॉक्टर डोनॉल थॉमस यांना ज्या कामासाठी १९९० चं नोबेल मिळालं, त्यामागची मूळ कल्पना साधी होती. किरणांनी रोग मारायचा आणि नवी मज्जा देऊन रुग्णाला वाचवायचं. मग एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा सर्वोत्तम ठरायला हवी होती. झालं उलटंच! अशा रुग्णांत आजार जास्त वेळा परतला. म्हणजे रोग निपटण्यात दात्याच्या टी पेशींचाही (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पांढऱ्या पेशींचाही) मोठा वाटा होता. उरलेल्या कर्कपेशी त्यांना परक्या वाटतात, म्हणून या टी पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. जुळ्याच्या पेशींना मात्र परकं असं फारसं काही दिसतच नाही.

पण याच टी पेशी मुलाची त्वचा, आतडी, यकृत यांवरही हल्ला करतात. सगळ्याच काढून टाकल्या तर हा त्रास घटतो, पण आजार परतण्याचा धोका वाढतो. माझ्या मते या उपचाराचं सगळं कसब या पेचातच आहे.

दाता जुळतो की नाही, हे पेशींवरच्या आनुवंशिक ओळखखुणांवरून ठरतं. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. (रक्तगट जुळलाच पाहिजे असं नाही, पुढे मुलाचा गट दात्यासारखा होतो.) आईवडील मात्र निम्मे तरी जुळतातच. पूर्वी तेवढं पुरत नसे. आता प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देऊन बेफाम वाढू लागलेल्या टी पेशींना आवर घालतात, किंवा त्रासदायक टी पेशी आधीच गाळून घेतात.

नव्या पेशी रुजायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. प्रतिकारशक्ती सावरायला त्याहून कितीतरी जास्त, आणि लहानपणच्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात.