आवाज पोहोचतो, निरोप पोहोचत नाही

जन्मून दोन दिवस झालेल्या बाळाच्या कानात एक मऊ रबरी बूच बसवतात. त्यातून बारीक टिकटिक आत सोडली जाते आणि त्याच बुचातला मायक्रोफोन कानातून बाहेर येणाऱ्या आवाजाची वाट पाहतो. हा आवाज भिंतीवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी नव्हे. तो कानाने स्वतः केलेला असतो. जिवंत, निरोगी कान ऐकता ऐकता स्वतःही अगदी क्षीण आवाज करतो, हे लंडनमध्ये डेव्हिड केंप यांनी १९७८ साली प्रत्यक्ष मोजून दाखवलं. कानात असं काहीतरी सक्रिय यंत्र असलं पाहिजे, असं थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्येच म्हटलं होतं, पण तीस वर्षं त्यांचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कानाविषयीचं त्या काळचं बरंचसं ज्ञान मृतदेहांच्या कानांवर केलेल्या प्रयोगांतून आलं होतं. मेलेला कान असा आवाज करत नाही.

आज हीच चाचणी, ओएई, जगभर नवजात बाळांवर केली जाते. कानातून आवाज परत आला की यंत्रावर ‘पास’ उमटतं आणि आईवडील निश्चिंत होऊन घरी जातात.

पण काही मुलं या चाचणीत पास होतात आणि तरीही त्यांना काहीच ऐकू येत नसतं. दीड-दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळत नाहीत. घरातले म्हणतात, ‘तेव्हा तर चांगलं सांगितलं होतं.’ तेव्हाची चाचणी खोटी नव्हती. ती ज्या भागाची होती, तो भाग खरोखरच चांगला होता.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, कॉक्लिया. वेढे जेमतेम अडीच, आकार वाटाण्याएवढा. तिच्यात केशपेशींच्या दोन जाती राहतात. बाहेरच्या केशपेशी साधारण १२,००० असतात, त्यांच्या तीन ओळी. आतल्या केशपेशी सुमारे ३,५०० आणि त्यांची एकच ओळ. दोघींच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचे तुरे असतात आणि आवाजाने आतला द्रव हलला की ते वाकतात. पण कामं अगदी वेगळी. बाहेरच्या पेशी आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात नि लांबतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि क्षीण कंपनं मोठी करून देतात. त्यांच्यातल्या ज्या प्रथिनामुळे हे घडतं ते २००० साली सापडलं. पाश्चात्त्य संगीतात द्रुत लयीला ‘प्रेस्टो’ म्हणतात, म्हणून त्याचं नाव ठेवलं प्रेस्टिन. ओएईमध्ये ऐकू येतो तो या बाहेरच्या पेशींच्या नाचण्याचा आवाज.

मेंदूला खबर मात्र आतल्या पेशी देतात. त्यांच्या बुडाशी श्रवणाच्या नसेचे तंतू येऊन टेकलेले असतात. टेकलेले म्हणजे जवळजवळ. मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते, तिला सिनॅप्स म्हणतात. केस वाकले की पेशी त्या फटीत ग्लुटामेट हे रसायन सोडते, ते पलीकडच्या तंतूला लागतं आणि तिथून विजेचा संदेश मेंदूकडे निघतो. बाहेरचा पडदा, मधली हाडं, नाचणाऱ्या पेशी, सगळं ठीक असून या फटीपाशी निरोप अडला, तर माणूस बहिरा. ओएईला याचा पत्ताच लागत नाही, कारण ती फटीच्या अलीकडेच संपते.

आनुवंशिक बहिरेपणाच्या एका प्रकारात नेमकं इथेच बिनसतं. १९९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत क्रिस्तीन पेती यांच्या गटाने त्यामागचं जनुक शोधलं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचं नाव ओटोफर्लिन. केस वाकल्यावर पेशीत कॅल्शियम शिरतं, ते ओळखून रसायनाच्या पुड्या फटीत रित्या करायला लावणं हे ओटोफर्लिनचं काम. आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तर मुलात हे प्रथिन चालत नाही. पुड्या भरलेल्या राहतात, सुटत नाहीत.

या एका बाबतीत निसर्गाने डॉक्टरांना थोडी संधी दिली आहे. बहिरेपणाच्या बहुतेक प्रकारांत केशपेशीच मरून जातात. माणसात, किंवा कोणत्याच सस्तन प्राण्यात, त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, हे १९८०च्या दशकाच्या शेवटी कळलं, आणि तेव्हापासून माणसात हे घडवून आणण्याचे प्रयत्न चालू आहेत, अजून यशाविना. ओटोफर्लिनच्या मुलांत मात्र पेशी शाबूत असतात, नसही असते. फक्त एक प्रथिन हवं असतं. त्याची चांगली प्रत पेशीत पोहोचवली तर?

अडचण जागेची होती. असा उपचार पेशीपर्यंत नेण्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी केलेला विषाणू वापरतात. त्यात जनुकाची सुमारे ४,७०० अक्षरं मावतात आणि ओटोफर्लिनचा मजकूर सुमारे ६,००० अक्षरांचा आहे. मग संशोधकांनी मजकुराचे दोन तुकडे केले, दोन वेगळ्या विषाणूंत भरले आणि पेशीच्या आत ते जुळतील अशी तजवीज केली. उंदरांत हे २०१९ मध्ये जमलं.

२०२२च्या डिसेंबरात शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात हे औषध पहिल्यांदा मुलाच्या कॉक्लियात टोचलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सहा मुलं, त्यांतल्या पाच जणांना ऐकू येऊ लागलं. आधी ९५ डेसिबलला, म्हणजे डोक्याशेजारी यंत्र घरघरावं एवढ्या आवाजालाही मेंदू उत्तर देत नव्हता. २६ आठवड्यांनी मेंदू उत्तर देऊ लागतो ती पातळी ४० ते ५७ डेसिबलने खाली आली होती, म्हणजे बरेच हळू आवाज पोहोचू लागले होते. २०२५ मध्ये चीनमधल्या पाच रुग्णालयांतल्या दहा रुग्णांचा अभ्यास आला, वयं दीड ते चोवीस वर्षं. ही पातळी सरासरी १०६ डेसिबलवरून ५२वर आली. त्यातली सात वर्षांची एक मुलगी चार महिन्यांनी आईशी रोजच्यासारखं बोलू लागली होती. मला हे वाचताना आकड्यांपेक्षा ‘रोजच्यासारखं’ हे जास्त भिडलं. त्याच वर्षी आणखी एका चाचणीत बारा मुलांपैकी नऊ जणांना २४ आठवड्यांत ७० डेसिबल किंवा त्याहून हळू आवाज ऐकू येऊ लागला.

हा उपचार आपल्याकडच्या बहुतेक कर्णबधिर मुलांच्या कामाचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. भारतात आनुवंशिक बहिरेपणात सर्वांत जास्त आढळणारं बिघडलेलं जनुक जीजेबी२ आहे. ओटोफर्लिनचा वाटा जगभरच लहान. बाकीच्या मुलांसाठी आज कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे केशपेशींना वगळून नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र, हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि तो जितक्या लवकर तितका चांगला, कारण भाषा ऐकण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत होते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते. मुंबईतली अली यावर जंग ही वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था ते काम पाहते.

पण फटीची गोष्ट त्या थोड्या मुलांपुरती नाही. ती आपल्या सगळ्यांच्या कानात आहे.

आमचे दादाकाका पंच्याहत्तरीत आहेत. मंगल कार्यालयात पंगत चालू असली की ते गप्प बसतात. घरी शांततेत गप्पा मारायला मात्र एकदम तयार. ते म्हणतात, ‘आवाज येतो रे, शब्द लागत नाहीत.’ त्यांचा ऑडिओग्राम काढला तर वयाच्या मानाने बराच बरा निघाला. ऑडिओग्राम म्हणजे बंद, शांत खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक सूर ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायचं. पंगतीत कुणी सूर ऐकवत नाही.

२००९ मध्ये बॉस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबल आवाजात ठेवलं. सुरुवातीला उंदरांची ऐकण्याची क्षमता घसरली, पण काही दिवसांत ती पूर्ववत झाली. केशपेशीही सगळ्या जागेवर होत्या. जुन्या समजुतीप्रमाणे विषय इथेच संपला असता. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सिनॅप्स मोजले, तेव्हा कॉक्लियाच्या काही भागांत निम्मे गेलेले आढळले. पेशी आहे, तंतू आहे, फट ओलांडणारा दुवा तुटला. मागाहून ते तंतूही हळूहळू वाळत गेले.

मग ऐकण्याची क्षमता कशी टिकली? शांततेतला एक बारीक सूर ओळखायला मेंदूला थोडेच तंतू पुरतात. गर्दीतला एक आवाज वेगळा काढायला मात्र भरपूर तंतू लागतात, त्यातही मोठ्या आवाजालाच जागे होणारे. प्राण्यांतल्या प्रयोगांत गोंगाटाचा पहिला मार बहुधा याच तंतूंवर पडलेला दिसतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी कानांतही वयाबरोबर केशपेशींपेक्षा तंतू जास्त झडलेले आढळले आहेत. जिवंत माणसाच्या कानातले सिनॅप्स मोजता येत नाहीत, त्यामुळे एखाद्याच्या अडचणीत त्यांचा वाटा किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे. दादाकाकांच्या त्या वाक्याचं हे एकमेव स्पष्टीकरण नसेलही. पण ‘रिपोर्ट तर बरा आहे’ म्हणून त्यांची तक्रार झटकून टाकणं चूक आहे, एवढं या संशोधनाने पक्कं केलं.

विसर्जन मिरवणुकीहून आल्यावर कानाला दडे बसतात, शिट्टीसारखं वाजत राहतं आणि सकाळी सगळं मोकळं होतं. पथकात वाजवायचो तेव्हा मी ते मोकळं होणं म्हणजे बरं होणं समजत होतो. आता तसं वाटत नाही. पुण्यात सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी दरवर्षी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर ध्वनिपातळी मोजतात आणि अनेक वर्षी ती १०० डेसिबलच्या आसपास निघाली आहे. कारखान्यांतल्या कामगारांसाठी वापरली जाणारी अमेरिकी शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा घालते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. मिरवणूक किती तास चालते ते आपल्याला ठाऊक आहे. कापसाचे बोळे फारसे उपयोगी पडत नाहीत. फोमचे इअरप्लग नीट आत बसवले तर वीसेक डेसिबल सहज कमी होतात आणि ताल तरीही कळतो.

कानाच्या मशीनबद्दल दोन शब्द. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं एक चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिचा निकाल आला. अर्ध्यांना मशीन आणि ते वापरण्याचं मार्गदर्शन दिलं, अर्ध्यांना आरोग्यविषयक सल्ला. सगळे मिळून पाहिले तर स्मरणशक्ती नि विचारशक्तीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना ती घसरण होण्याचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात मशीनवाल्यांची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. मी यावरून ‘मशीन लावा, स्मृतिभ्रंश टाळा’ असं म्हणणार नाही. पण लाजेखातर मशीन कपाटात ठेवणाऱ्या माणसाला हा आकडा जरूर सांगेन. मशीन आवाज वाढवतं, तुटलेला सिनॅप्स जोडत नाही, म्हणून गोंगाटात त्याची मर्यादा कळते. दादाकाकांशी बोलायचं असलं की आम्ही आता टीव्ही बंद करतो आणि समोर बसतो. ओरडत नाही, सावकाश बोलतो.

आणि बाळांचं. जी बाळं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पाच दिवसांहून जास्त राहिली, ज्यांना मोठी कावीळ झाली होती किंवा ज्यांच्या घरात लहानपणापासूनचा बहिरेपणा आहे, त्यांची केवळ ओएई पुरत नाही. त्यांची बेरा चाचणी व्हायला हवी. बाळ झोपलेलं असताना डोक्याला छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि निरोप फट ओलांडून मेंदूपर्यंत गेला का, ते मोजतात. दुखत नाही. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं नाही तर आईवडिलांनी विचारावं: ‘ओएई झाली, बेरा केली का?’