रिसीव्हर पाठवताना त्याचा इंडिकेटरही पाठवावा

आमच्या विमान-रेडिओ दुरुस्ती कार्यशाळेत येणाऱ्या अनेक व्हीओआर (जमिनीवरील रेडिओ केंद्राच्या आधारे दिशा सांगणारी प्रणाली) रिसीव्हरांवर ‘बेअरिंग चुकते’ (म्हणजे केंद्रापासूनची दिशा चुकीची दिसते) एवढ्याच शब्दांची चिठ्ठी असते आणि सोबत इंडिकेटर (वैमानिकासमोरचे सुईचे उपकरण) नसतो. आमच्या तपासणीच्या बेंचवर तो रिसीव्हर अचूक चालतो, आम्ही तो तसाच परत करतो आणि आठवड्याभरात तोच स्नॅग, म्हणजे बिघाड, पुन्हा लॉगबुकात चढतो. यात विमान विनाकारण जमिनीवर अडकून पडते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

व्हीओआर केंद्राकडून 30 हर्ट्झचे दोन संकेत येतात आणि त्यांच्या फेजमधील फरक म्हणजेच बेअरिंग. अनेक लहान विमानांत हा फरक मोजणारा कन्व्हर्टर रिसीव्हरमध्ये नसून इंडिकेटरमध्ये असतो. तेव्हा एकटा रिसीव्हर तपासला, तर चूक जिथे आहे तो भाग तुमच्याच विमानात राहतो. 4 अंशांची चूक कागदावर किरकोळ दिसते, पण केंद्रापासून 60 नॉटिकल मैलांवर ती विमानाला सुमारे 4 मैल बाजूला नेते.

रिसीव्हरची पेटी काढण्यापूर्वी, विमानातील दोन्ही नॅव्ह (दिशादर्शक) रिसीव्हर एकाच प्रकारचे असल्यास, त्यांची अदलाबदल करून पाहावी. स्नॅग पेटीबरोबर सरकला तर पेटी आमच्याकडे पाठवावी. जागच्या जागी राहिला तर इंडिकेटर किंवा वायरिंग पाहावे. दोन्हींवर संकेत क्षीण असेल, तर सामाईक अँटेना, स्प्लिटर आणि कोॲक्स केबलचे कनेक्टर आधी तपासावेत, कारण पावसाळ्यानंतर त्यांत ओल शिरून गंज चढलेला वारंवार आढळतो. चिठ्ठीत फ्रिक्वेन्सी, केंद्रापासूनचे अंतर आणि स्नॅग सतत येतो की पेटी तापल्यावर, हे जरूर लिहावे.

तपासणीला वेळ फार लागतो, अशी तक्रार आमच्या कानावर येते. आम्ही पेटी तापू देतो, दर 30 अंशांवर बेअरिंग मोजतो, लोकलायझरच्या (उतरताना धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या संकेताच्या) 90 आणि 150 हर्ट्झच्या स्वरांच्या मॉड्युलेशनच्या खोलीत 0.155 चा फरक देऊन सुई पूर्ण कलते की नाही ते पाहतो आणि मग एकेक स्वर बंद करून फ्लॅग (संकेत विश्वसनीय नसल्याची इंडिकेटरवरील खूण) दिसतो याची खात्री करतो. संकेत गेल्यावरही फ्लॅग न दाखवणारी, मध्यावर स्थिर उभी असलेली सुई वैमानिकाला सर्वांत जास्त फसवते, म्हणून ही शेवटची पायरी आम्ही घाईतही गाळत नाही. दोष न सापडल्यासही बेंचचे शुल्क घ्यावे लागते, ते याच श्रमांचे.

एकाच प्रकारची अनेक विमाने असलेल्या प्रशिक्षण संस्थांच्या हँगरमध्ये आम्ही रॅम्प टेस्ट सेट (विमानाजवळ नेता येणारे तपासणी यंत्र) घेऊन येतो. त्यात अँटेनापासून सुईपर्यंतची सर्व साखळी पेटी न काढता तपासता येते. त्यासाठी किमान दोन विमाने एकाच दिवशी मोकळी ठेवावीत.