लोणी-संत्री खपवणाऱ्या बोर्डाने विमानाच्या इंजिनावर फिल्म का काढली?

‘एरो-इंजिन’ ही १९३३-३४ ची फिल्म, दिग्दर्शक आर्थर एल्टन, आणि खर्च कोणाचा तर एम्पायर मार्केटिंग बोर्डाचा! ब्रिटिश सरकारने हे बोर्ड १९२६ ला काढलं ते साम्राज्यातला माल, म्हणजे फळं, लोणी, चहा वगैरे, ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकांना घ्यायला लावायला. मोठमोठी पोस्टरं लावायचे त्यासाठी. पण तिथला सेक्रेटरी स्टीफन टॅलेंट्स याला प्रचाराची हौस दांडगी, त्याने माहितीपटवाल्या जॉन ग्रिअर्सनला हाताशी धरलं, आणि ग्रिअर्सनने १९२९ ला हेरिंग मासेमारीवर ‘ड्रिफ्टर्स’ काढून दाखवली. ती गाजली. मग स्वतः कॅमेऱ्यामागे उभं राहण्यापेक्षा त्याने तरुण पोरांचं युनिटच उभं केलं, त्यातला एक एल्टन.

याच युनिटच्या ‘इंडस्ट्रियल ब्रिटन’ या फिल्मसाठी अमेरिकन माहितीपटकार रॉबर्ट फ्लाहर्टीने कुंभार, काच फुंकणारे अशा जुन्या कारागिरांचे चेहरे फार प्रेमाने टिपले होते (आणि कच्ची फिल्मही एवढी उधळली की ग्रिअर्सनला हात आखडता घ्यावा लागला). एल्टनचा जीव मात्र चेहऱ्यापेक्षा कामात. आणि विमानाचं इंजिन म्हणजे त्याला हवा तसाच विषय, कारण इथे नुसतं ओतकाम करून लेथवर पार्ट उतरवले की झालं असं नसतं, त्या काळी जोडलेलं इंजिन टेस्ट बेंचवर तासन्‌तास पळवायचे, मग पुन्हा पूर्ण खोलायचे, एकेक पार्ट तपासायचा, परत जोडायचं आणि परत पळवायचं. दोनदा जोडायची ही कटकट का, हे फॅक्टरीबाहेरच्या माणसाला दाखवल्याशिवाय कळत नाही. फिल्म मूक, त्यामुळे इंजिनाचा आवाजच नाही, हे जरा हळहळण्यासारखं.

१९३३ लाच बोर्ड गुंडाळलं, युनिट पोस्ट खात्याकडे गेलं. एल्टन पुढे शेल या तेल कंपनीच्या फिल्म युनिटकडे वळला, तिथे तर टेक्निकल गोष्टी समजावणाऱ्या फिल्म्स हाच मुख्य धंदा झाला. आपल्याकडे ५० च्या दशकात मुंबईत बर्मा-शेलचं फिल्म युनिट होतं, ते चालवायला आलेला जेम्स बेव्हरिज कॅनडात ग्रिअर्सनच्याच हाताखाली तयार झालेला.