तिथी एक, सण दोन: कोरियाचा दानोजे आणि चीनचा ड्रॅगन बोट

कोरियातल्या गांगनुंगला दानोजे बघायला जातोय म्हटलं, की कोणीतरी हमखास विचारतं, "म्हणजे त्या होड्यांच्या शर्यती ना?" शर्यती चीनच्या. गोंधळ होतो तिथीमुळे. दोन्ही सण चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येतात, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आसपास. युनेस्कोने २००५ साली गांगनुंगच्या उत्सवाचा गौरव केला तेव्हा "आमचा सण पळवला" म्हणून चीनमध्ये बरीच ओरड झाली. २००९ साली चिनी सणही युनेस्कोच्या यादीत आला.

चिनी सणाची कथा नदीची आहे. छू राज्याचा कवी छू युआन याने मिलुओ नदीत जीव दिला, लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले आणि माशांनी त्याला खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला, असं सांगतात. म्हणून होड्या, म्हणून झोंगझ नावाच्या भाताच्या पुरचुंड्या.

गांगनुंगला यातला कवीही नाही आणि होडीही नाही. तिथला देव डोंगरावरून येतो. उत्सवाच्या महिनाभर आधी चिलसादांग या जुन्या सरकारी वाड्यात देवाची तांदळाची दारू घातली जाते, आणि त्यासाठी गावकरी घरचे तांदूळ आणून देतात. मग देग्वाल्योंग खिंडीतल्या देवळापाशी पूजा होते. तिथल्या जंगलातलं एक झाड हातात धरल्यावर थरथरू लागलं, की त्यात देव आला असं मानतात. ते तोडून, रंगीत कापडाच्या पट्ट्यांनी सजवून खाली आणतात. पुढे नामदेछन नदीकाठच्या मांडवात कित्येक दिवस शामान बायकांचे, म्हणजे देवाशी बोलणाऱ्या पुजारणींचे, विधी, गाणी, ढोल चालू असतात.

प्रवाशाने दिवसातला सगळ्यात चांगला तास ग्वान्नो मुखवटा-नाटकासाठी राखून ठेवावा. एकेकाळी सरकारी गुलाम हे नाटक करत. संवाद एकही नाही, त्यामुळे भाषेची अडचण उरत नाही. आधी जांगजामारी नावाची दोन ढेरपोटी पात्रं घुमत येतात, त्यांच्या झग्याला समुद्री शेवाळ लोंबत असतं. पुढे नायिकेवर संशय येतो, तेव्हा ती म्हाताऱ्या सरदाराची लांबलचक दाढी स्वतःच्याच गळ्याला आवळून जीव देते. घाबरू नका, देवाची प्रार्थना झाली की उठते.

खाण्यात तर चूक व्हायलाच नको. झोंगझ म्हणजे चिकट तांदूळ पानात घट्ट बांधून तासन्‌तास उकडलेली पुरचुंडी. उत्तर चीनमध्ये आत लाल खजुरासारखी गोड बोरं, दक्षिणेत डुकराचं मांस किंवा खारवलेल्या अंड्याचा बलक. कोरियातल्या सणाचं, म्हणजे दानोचं, सुरिच्वी-त्तोक हे त्याच्या अगदी उलट: तांदळाचं पीठ वाफवायचं, त्यात सुरिच्वी या रानभाजीची उकडलेली पानं कुटून घालायची आणि चपट्या वड्यांवर गाडीच्या चाकाचा ठसा उमटवायचा. रंग गडद हिरवा, वरून तिळाच्या तेलाचा हात, चव किंचित कडवट. पहिला घास फिका वाटतो, खरं सांगायचं तर दुसराही. मला तरी जत्रेतलं गांजाजॉन जास्त आवडतं: बटाटा किसून तव्यावर लावलेलं, कडेने कुरकुरीत, थालीपिठाच्या जवळचं. गांगवॉन प्रांत बटाट्याचाच. शाकाहारी माणसाला हा मोठा आधार, फक्त सोबतच्या चटण्या विचारून घ्याव्यात.

दोन सणांत खरोखर सामाईक अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे वेखंड. हो, बाळाच्या गुटीतलं तेच. चीनमध्ये त्याची पानं दारावर टांगतात. कोरियात ते उकळून त्या पाण्याने बायका केस धुतात, आणि नदीकाठच्या मांडवात पाहुण्यांनाही धुऊ देतात. त्यानंतर देवाच्या दारूचा घोट चाखायला मिळतो. ती दुधाळ आणि आंबूस असते, उन्हात पटकन चढते, म्हणून आधी बटाटा खाऊन घ्यावा.