बरणीतलं फॉर्मेलिन आणि नवं कपाट

कमाटीबागेतल्या बडोदा संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. हाडांना टिकायला फारसं काही लागत नाही. मऊ मांसाचं तसं नाही. मेंदू किंवा बेडकाची आतडी लगेच सडू लागतात. म्हणून प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या आणि त्यांत फॉर्मेलिन. घरात कोणी मेडिकलला असेल, तर शवविच्छेदनाच्या हॉलमधला वास कसा असतो ते त्याला विचारा.

फॉर्मेलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण, वजनाने साधारण ३७ टक्के. ‘दहा टक्के फॉर्मेलिन’ म्हणजे हेच द्रावण दहापट पातळ केलेलं, त्यात खरं फॉर्माल्डिहाइड चारेक टक्केच. (तोंडी परीक्षेला हमखास विचारावा असा प्रश्न.)

हा चिमुकला रेणू प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना टाचून टाकतो. जंतूंची प्रथिनं टाचली गेली की जंतू मरतात. मांसातली टाचली गेली की ते कुजायचं थांबतं आणि घट्ट होतं. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लूम हे रसायन जंतुनाशक म्हणून तपासत होते. काम करता करता त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि ऊती टिकवायची युक्ती सापडली ती अशी. पुढे १९२० च्या दशकात गास्तों रामों यांनी घटसर्पाचं विष याच रसायनाने निकामी करून लस बनवली. लसीत उरणाऱ्या अंशाची भीती मला अनाठायी वाटते. आपलं शरीर स्वतःच फॉर्माल्डिहाइड बनवतं आणि रक्तात ते त्याहून बरंच जास्त असतं.

भीती बाळगायची ती वर्षानुवर्षं हुंगण्याची. डोळे आणि नाक चुरचुरतं ते तिथल्या प्रथिनांशीही तोच खेळ चालतो म्हणून. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने याला माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. नाकामागच्या घशाचा कर्करोग हा त्याचा मुख्य आधार होता. त्यात नाक वासाला सरावतं, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नव्हे. खाण्यात तर याला परवानगीच नाही, तरी २०१८ मध्ये केरळात फॉर्मेलिन लावलेली मासळी पकडली गेली.

आपल्या घरात ते येतं प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डच्या गोंदातून. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतं. वैशाखात नवं कपाट आणून खोली बंद करून एसी लावणं म्हणूनच वाईट. काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा आणि बोर्ड घेताना दुकानदाराला ई-१ की ई-०, ते विचारा. ई-० मधून कमी सुटतं.