विद्यार्थी वस्त्यांतील बायलॉ अंमलबजावणी (ओंटारियो, कॅनडा)

कॅनडातील ओंटारियो प्रांतात कॉलेज आणि विद्यापीठांच्या आसपासच्या भाड्याच्या घरांवर, त्यांच्या अंगणांवर आणि रस्त्यावरच्या गोंगाटावर नगरपालिका आपल्या बायलॉंच्या आधारे ठेवते ती देखरेख. आपल्याकडे उपविधी म्हटले की गृहनिर्माण संस्था आठवते. तिथे बायलॉ म्हणजे प्रांताने दिलेल्या अधिकारात नगरपरिषदेने केलेला आणि मोडल्यास दंड होणारा स्थानिक कायदा. ओशावा, किंग्स्टन, वॉटर्लू आणि लंडन (इंग्लंडमधले नव्हे, ओंटारियोतले) या शहरांत हा विषय वर्षानुवर्षे धगधगतो आहे. महाराष्ट्रातून शिकायला गेलेली मुलेही अशाच वस्त्यांत राहतात.

मुळाशी अर्थकारण आहे. एका कुटुंबासाठी बांधलेले घर अख्खे भाड्याने देण्यापेक्षा खोलीगणिक दिले तर जास्त पैसे सुटतात. म्हणून बैठकीच्या खोलीत पार्टिशन पडते, तळघरात दोन-तीन खोल्या निघतात, आणि तीन शयनगृहांच्या घरात सहा-सात मुले राहू लागतात. पुण्याच्या पेठांतली कॉट बेसिसची पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शेजाऱ्याला मात्र यातले दिसते ते एवढेच : अंगणात चाके रुतवून उभ्या केलेल्या गाड्या, चुकीच्या दिवशी बाहेर आलेल्या कचऱ्याच्या पिशव्या, पडवीतला भिजका सोफा आणि रात्री दोनचे संगीत. तळघरातली खिडकी आग लागल्यावर बाहेर पडण्याइतकी मोठी आहे का, धुराचा अलार्म चालतो का, हे रस्त्यावरून दिसत नाही. त्यामुळे तक्रारींची संख्या एकीकडे आणि खरा धोका दुसरीकडे अशी स्थिती होते. या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव हीच म्हणावी लागेल.

ओशावाचे उदाहरण बोलके आहे. शहराच्या उत्तरेला विंडफील्ड्स नावाचा घोड्यांचा प्रसिद्ध फार्म होता. 1964 ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली शर्यत जिंकणारा नॉर्दर्न डान्सर हा घोडा 1961 मध्ये तिथेच जन्मला. पुढे त्या भागात बंगल्यांची वसाहत उठली. शेजारी डरहॅम कॉलेज होतेच. 2003 पासून त्याच परिसरात नव्या विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. गुंतवणूकदारांनी नवी कोरी घरे घेऊन खोल्या भाड्याने लावल्या. प्रकरण कोर्टात गेले तेव्हा प्रश्न असा होता की हे एक घर आहे की लॉजिंग हाउस, म्हणजे सुट्या खोल्या भाड्याने देण्याची जागा? मुले एकत्र स्वयंपाक करतात का, खर्च वाटून घेतात का, कोणाला ठेवायचे हे स्वतः ठरवतात का, की प्रत्येकाचा मालकाशी वेगळा करार आणि खोलीला वेगळे कुलूप? 2008 मध्ये कोर्टाने ती घरे लॉजिंग हाउस ठरवली आणि 2009 मध्ये अपील कोर्टाने तो निकाल कायम केला. म्हणजे दाराचे कुलूप आणि भाडेकरार ही इथे पुराव्याची साधने ठरली.

एवढी वळणे घ्यावी लागतात, कारण सरळ रस्ता कायद्याने बंद आहे. ‘या घरांत फक्त कुटुंबेच राहतील’ असा नियम टोरंटोलगतच्या नॉर्थ यॉर्कने केला होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये बेल खटल्यात तो रद्द केला. पुढे प्रांताच्या नियोजन कायद्यातच तरतूद आली की राहणारे एकमेकांचे नातेवाईक आहेत की नाहीत यावरून झोनिंगमध्ये, म्हणजे कोणत्या भागात कशा इमारती आणि वापर चालतील या नियमांत, भेद करता येणार नाही. घर कसे आहे हे नगरपालिका विचारू शकते; घरात कोण आहे हे विचारण्याचा तिला अधिकार नाही. हा भेद न्याय्य आहे. तो पुसला गेला की विद्यार्थी, स्थलांतरित, एकटे राहणारे सगळेच आधी संशयित ठरतात.

म्हणून शहरे परवान्याकडे वळली. प्रांताच्या नगरपालिका कायद्यात दुरुस्ती झाल्यावर 1 जानेवारी 2007 पासून भाड्याच्या घरांना परवाना सक्तीचा करण्याची मुभा मिळाली. ओशावाने 2008 मध्ये कॉलेजभोवतीच्या भागापुरती ही पद्धत आणली. लंडनने 2010 पासून छोट्या भाडे-इमारतींना शहरभर परवाना लागू केला. घरमालकांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले, पण 2011 मध्ये कोर्ट शहराच्या बाजूने उभे राहिले. ओंटारियो मानवाधिकार आयोगाने 2013 च्या अहवालात मधला रस्ता सुचवला : परवाना ठेवा, पण तो फक्त विद्यार्थी वस्तीवर न लादता सगळ्या शहराला लावा, आणि शयनगृहांच्या संख्येवर मनमानी मर्यादा घालू नका.

प्रत्यक्ष काम बायलॉ ऑफिसर करतो. तो पोलीस नसतो. बहुतेक वेळा तक्रार आली की तो येतो, अंगणातले गवत किती वाढले ते मोजतो, फोटो काढतो आणि मालकाच्या नावे मुदतीची नोटीस काढतो. मुदत टळली तर नगरपालिका कंत्राटदाराकडून काम करून घेते आणि खर्च मालमत्ता कराच्या बिलात चढवते. मात्र उंबरठ्यावर त्याला थांबावे लागते. राहत्या घरात शिरायचे तर राहणाऱ्याची संमती हवी, नाहीतर कोर्टाचा आदेश किंवा वॉरंट. दार उघडणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्याला ‘नको’ म्हणता येते हे बहुधा ठाऊक नसते, आणि ‘या’ म्हटले तर काय होईल हेही.

गोंगाट आणि पार्ट्यांचा भाग वेगळा. 17 मार्च 2012 रोजी, सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाच्या रात्री, लंडनच्या फॅनशॉ कॉलेजजवळच्या फ्लेमिंग ड्राइव्हवर हजाराच्या आसपास लोक जमले, पोलिसांवर बाटल्या-विटा पडल्या आणि एका वृत्तवाहिनीची गाडी जाळली गेली. त्याआधी 2005 मध्ये किंग्स्टनच्या अॅबरडीन स्ट्रीटवर माजी विद्यार्थी मेळाव्याच्या वेळी एक मोटार उलटवून पेटवली गेली होती. पुढे न्यूसन्स पार्टी, म्हणजे उपद्रवी पार्ट्यांविरुद्धचे, बायलॉ आले (किंग्स्टनमध्ये 2018 साली) आणि जमाव पांगवण्याचा, यजमानाला दंड करण्याचा अधिकार मिळाला. लंडनचे पोलीस दर सप्टेंबरला ‘प्रोजेक्ट लर्न’ नावाची दारू व गोंगाटविरोधी मोहीम चालवतात. अशा दोन-चार रात्रींमुळे वर्षभर शांतपणे राहणाऱ्या मुलांवरही शिक्का बसतो, हे तिथल्या चर्चेत फार कमी वेळा बोलले जाते.

गर्दीच्या मोहिमेला माणसे मिळतात. वायरिंग आणि खिडक्या तपासणे संथ आणि कष्टाचे असते. त्यात भाडेकरूच तक्रार करायला घाबरतो. तळघर बेकायदा निघाले तर ऐन सत्रात राहायचे कुठे? बेकायदा खोलीतल्या भाडेकरूलाही प्रांताचा 2006 चा भाडेकरू कायदा साधारणपणे लागू होतो आणि तक्रार केली म्हणून मालकाला त्याला असेच बाहेर काढता येत नाही. पण मालक त्याच घरात राहत असेल आणि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर भाडेकरूबरोबर वाटून वापरत असेल तर हे संरक्षण मिळत नाही. भारतातून नवीन आलेली बरीच मुले ओळखीपाळखीतून नेमक्या अशाच घरात उतरतात, म्हणून सही करण्यापूर्वी स्वयंपाकघर कोणाबरोबर वापरायचे हे विचारून घ्यावे. अडचण आली तर विधी शाखांची मोफत सल्ला केंद्रे आहेत; लंडनमध्ये वेस्टर्न विद्यापीठाचे, किंग्स्टनमध्ये क्वीन्सचे.

या शहरांतले पुष्कळ विद्यार्थी करार 1 मेला सुरू होऊन 30 एप्रिलला संपतात. त्या आठवड्यात फुटपाथांवर गाद्या, टेबले आणि मोडक्या खुर्च्यांचे ढीग लागतात, बायलॉ ऑफिसरांच्या फेऱ्या वाढतात, आणि नोटीस हाती पडेपर्यंत सामान टाकणारा बहुतेकदा गाव सोडून गेलेला असतो.